पहिला पेला

दूध करपलं तेव्हा ताई शेगडीपासून दोन हातांवर बसली होती. पाठ शेगडीकडे, मांडीवर परात, परातीत निवडायला घेतलेली पालेभाजी. मी बाहेरच्या खोलीत लेकीच्या वहीला कव्हर घालत होते. वास मला भिंतीपलीकडे आला. जाऊन बघते तर पातेल्यातून काळा धूर निघतोय आणि ताई शांतपणे देठ खुडतेय.

"ताई, दूध करपलं ना," मी म्हणाले.

तिने मान वळवली, धूर बघितला आणि म्हणाली, "हो की. तरी म्हटलं वास कसला येतोय."

आधी तिने धूर बघितला होता. वास तिला नंतर आठवला. दुसऱ्या कुणाच्या घरी ही गोष्ट पातेलं घासून संपली असती. आमच्या घरी मात्र नाही, कारण माझी ताई म्हणजे एक नाक आहे, आणि त्या नाकाच्या भरवशावर माझ्या सहा वर्षांच्या मुलीने तीन आठवड्यांपूर्वी आठ दिवस, सकाळ-संध्याकाळ, ताईने दिलेला खोकल्याचा काढा घेतला होता.

ताई औषधी पाल्याच्या गोदामात निवडण्याचं काम करते. रानातून, रस्त्याकडेहून, पडीक जागांवरून बायका-पुरुष पाला गोळा करून आणतात. तो गोदामात निवडला जातो, कुटला जातो आणि पुड्यांमध्ये भरून दुकानांत जातो. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा ताई एकोणीस वर्षांची होती आणि मी अकरा. शेजारच्या बाईने तिला गोदामात नेलं. पहिल्याच आठवड्यात मुकादमाच्या लक्षात आलं की ही पोरगी पोत्यात हात घालते, चिमूटभर चुरा तळहातावर चोळते, नाकाशी नेते आणि आत काय काय आहे ते सांगते. तिथल्या बायकांनी तिचं नाव नाकबाई ठेवलं. बावीस वर्षं झाली, खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू येतं.

हे ज्ञान तिला आईकडून आलं. लहानपणी मी पडले की ताई मला घरी न नेता आधी कुंपणाकडे न्यायची. तिथे एकदांडीची झाडं असायची, लांब दांड्याच्या टोकाला एकच पिवळसर फूल. पानं तळहातावर चुरडून ती रस गुडघ्यावर पिळायची. झोंबायचं, पण रक्त थांबायचं. माका कुठे उगवतो, सहदेवी कशी ओळखायची, गाजरगवताला उघड्या हाताने का शिवायचं नाही, हे सगळं तिला लिहिता-वाचता येण्याआधी येत होतं.

मला तिने शिकवलं ते शाळा-कॉलेजात. तिच्या नाकावर माझं रसायनशास्त्र झालं असं म्हटलं तर खोटं नाही. आज मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. पदवीच्या वर्षाला मी तिला मोठ्या रुबाबात सांगितलं होतं की एकदांडी, माका, सहदेवी, गाजरगवत ही सगळी एकाच कुळातली, सूर्यफुलाच्या. आपण ज्याला एक फूल म्हणून तोडतो ते एक फूल नसतंच. शेकडो बारीक फुलं एका बैठकीवर दाटीवाटीने बसलेली असतात.

"म्हणजे एकत्र कुटुंब," ताई म्हणाली. "मग त्यात एखादी विषारी जाऊबाई असायचीच."

मी हसले होते. गोळा करणाऱ्यांच्या कोपरापर्यंत उठणारे लाल चट्टे गाजरगवतातल्या एका कडू द्रव्यामुळे येतात, असं मी तिला सांगितलं. या कुळात अशी कडू द्रव्यं पुष्कळ. कडवटपणा त्यांचाच, बरेचसे औषधी गुणही त्यांचेच आणि खाजही त्यांचीच. झाड ते आपल्यासाठी करत नाही. किड्यांनी आणि गुरांनी खाऊ नये म्हणून करतं. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हे कळायला तीन वर्षं फी भरावी लागते का.

ती जाऊबाई मला पुढे पुस्तकात भेटली. तिचं नाव ओसाडी.

गोदामातला सर्वांत खपाचा माल म्हणजे तापा-खोकल्याच्या काढ्याची पुडी, आणि त्यातला मुख्य पाला सहदेवीचा. सहदेवी हे हातभर उंचीचं रोप, टोकाला जांभळ्या फुलांचे बारीक गोंडे. ओसाडीही तेवढीच उंच आणि तिचे गोंडेही फिकट जांभळे. दोघी एकाच पडीक जागेत, अनेकदा एकमेकींना चिकटून उगवतात. उभ्या झाडात फरक सोपा आहे. ओसाडीची पानं देठावर समोरासमोर जोडीने येतात, सहदेवीची एक इकडे, एक तिकडे. पण गोळा करणारे पाला जागेवरच वाळवतात आणि ओझं कमी व्हावं म्हणून पोत्यात घालून काठीने बडवतात. गोदामात येतो तो नुसता चुरा. पान समोरासमोर होतं की नव्हतं ते चुऱ्याला कोण विचारणार? उरतो तो वास. ओसाडीला बोकडासारखा उग्र वास येतो, वाळल्यावर मंद होतो, पण ताईच्या नाकातून सुटत नसे. ती पोत्यावर वाकायची, चोळायची, हुंगायची. सगळं गोदाम तिच्या "हं"ची वाट बघायचं. "हं" आला की पोतं आत, नाहीतर पोतं बाहेर.

आणि त्यानंतर पहिला पेला. हा गोदामाचा नियम नव्हता, ताईचा स्वतःचा होता. आत घेतलेल्या मालातला मूठभर पाला उकळून ती रोज सकाळी त्याचा पेला प्यायची. मग चहा. "लोकांच्या घशात जायचं ते आधी माझ्या घशात," असं तिचं म्हणणं. मुकादम नव्या माणसांना हे कौतुकाने दाखवायचा.

तर ते दूध करपलं. मी पातेलं भिजत घातलं. दुपारी ताई गेल्यावर मी तिच्या मागच्या पाच महिन्यांच्या गोष्टी एकेक करून आठवल्या. त्या पाच महिन्यांच्या सुरुवातीला तिला मोठा ताप येऊन गेला होता, आठवडाभर नाक चोंदलं होतं. त्यानंतर ती जेवताना प्रत्येक गोष्टीत वरून मीठ घेत होती. आमच्या जिन्यात शिरताच कुणाच्या घरी काय शिजतंय ते सांगायचा तिचा खेळ होता, तो बंद झाला होता. आणि मला, तिच्या सख्ख्या बहिणीला, ते कळलं नव्हतं.

कपाटात काढ्याची पुडी अर्धी उरली होती. मी नाक घालून हुंगली. पण त्यात सुंठ असते, पुदिना असतो. त्यांच्याआड बोकड लपला तर माझ्यासारखीला कळणार नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई म्हणायची. माझ्या बाबतीत हे जरा जास्तच खरं आहे, नवऱ्याला विचारा. पण ओसाडीबद्दल मला जे माहीत होतं ते मनाचं नव्हतं. तिच्यातली अल्कलॉइडं जशी पोटात जातात तशी फारशी वाईट नसतात. यकृत त्यांना साफ करायला घेतं आणि साफ करता करता त्यांचंच विष बनवतं. ते विष तिथल्या तिथे यकृताच्या पेशींना चिकटतं, आतल्या बारीक रक्तवाहिन्या बुजत जातात. माणूस त्या दिवशी हसत-खेळत असतो. कधी काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पोट दुखतं, मग पोटात पाणी भरून ते फुगायला लागतं. मुलांना हे लवकर होतं.

त्या संध्याकाळी मी शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि पिटूला हाक मारली. लेकीला आम्ही पिटू म्हणतो. बेंबीवरून टेप धरली. बावन्न.

"कशाचं माप?" तिने विचारलं.

फ्रॉकचं, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात तास संपल्यावर मी पुडीतला चुरा पांढऱ्या कागदावर पसरला आणि भिंगाखाली धरला. चुऱ्यात इतर काही नसलं तरी बिया असतात, तिळाहूनही बारीक. सहदेवीच्या बीच्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा झुपका असतो. ओसाडीच्या बीवर केस नसतात, पाच टोकदार खवले असतात, मुकुटासारखे. मी सुईने एकेक बी बाजूला केली. साठ बिया. एक्कावन्नांना केस होते. नऊ बियांवर खवले.

मी त्या नऊ बिया पुन्हा पुन्हा मोजल्या. मोजून त्या आठ होणार नव्हत्या.

तरी माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही, घाबरलेल्या माणसाला हवं ते दिसतं आणि नको ते जास्तच दिसतं. म्हणून कॉलेजच्या मागच्या नाल्याकाठून दोन्ही झाडं फुलांसकट उपटून आणली. तिन्हींचा अर्क काढला, एक सहदेवीचा, एक ओसाडीचा, एक पुडीचा. लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर तीन ठिपके ठेवून पट्टी द्रावणात उभी केली. द्रावण वर चढतं, सोबत एकेक द्रव्य आपापल्या उंचीपर्यंत नेतं. मुलांना हा प्रयोग दाखवताना मी दर वर्षी म्हणते की ही शर्यत आहे, प्रत्येकाचा दम वेगळा. त्या दिवशी मला काही सुचलं नाही. पट्टी सुकवली, त्या अल्कलॉइडांना रंग आणणारे दोन फवारे एकापाठोपाठ मारले आणि भट्टीत गरम करायला ठेवली.

दहा मिनिटांनी बाहेर काढली. सहदेवीची वाट कोरी. ओसाडीच्या वाटेवर निळसर जांभळा डाग, ठसठशीत. पुडीच्या वाटेवर, अगदी त्याच उंचीवर, फिकट जांभळी सावली.

मी ती पट्टी कागदात गुंडाळली आणि सरळ डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरबाई आमच्या ओळखीच्या. त्यांनी पट्टी बघितली नाही, बिया बघितल्या नाहीत, पिटूचं पोट दाबून बघितलं आणि रक्त घेतलं. किती दिवस घेतला, केवढा पेला, हे नीट लिहून घेतलं. रिपोर्टला दोन दिवस लागतील म्हणाल्या. ते दोन दिवस पिटू शाळेत गेली, दोरीच्या उड्या मारल्या, शेजारच्या मुलाशी भांडली. मी तिचे डोळे पिवळे दिसतात का ते खिडकीच्या उजेडात नेऊन बघत होते. दुसऱ्या संध्याकाळी टेप साडेबावन्न आली. मी पुन्हा मोजलं, तेवढीच. नवरा म्हणाला, ती आत्ताच पोटभर जेवलीय, तुझंही मोज, दोनने वाढलं असेल. त्याचा आवाज मात्र हसत नव्हता.

"शिंपीणबाई," पिटू म्हणाली, "रोज माप घेताय, फ्रॉक होणार कधी?"

रिपोर्ट यायच्या आधीच मी ताईकडे गेले. मला राहवलं नाही. तिची खोली गोदामाच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीत चार कुंड्या, पलंगावर घडी घातलेली गोधडी, सगळं जागच्या जागी. मी टेबलावर भिंग ठेवलं, नऊ बिया ठेवल्या, पट्टी उघडली. काय सापडलं ते सांगितलं.

ताईने पट्टी उजेडात धरून बघितली. मग म्हणाली, "नाक गेलंय. पाच महिने झाले."

परत येईल असं तिला वाटत होतं. रोज उठल्यावर ती साबणाची वडी नाकाशी धरून बघायची. गोदामात पोत्यावर वाकायची, चोळायची, हुंगायची, सगळं पूर्वीसारखं, आणि चुऱ्याचा रंग बघून, माल आणणाऱ्याचा चेहरा बघून "हं" म्हणायची. जुनी माणसं चांगलाच माल आणतात म्हणून बरंच निभावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती म्हणाली. बावीस वर्षं जिला नाकबाई म्हणतात तिने नाक गेलं म्हणून सांगायचं तरी कुणाला?

मला राग आला होता आणि तो मी बोलून दाखवला. पिटूला काढा देताना तरी तुला भीती वाटली नाही का, असं विचारलं.

"वाटली ना," ती म्हणाली. "म्हणून तर पहिला पेला सोडला नाही. त्याच पुडीतला आधी मी प्यायले. एक दिवस थांबले. मला काही झालं नाही, मग तिला दिला."

"वास नाही, तर चवही कळत नसेल तुला."

"नाही कळत. पण विष असतं तर मी आधी पडले असते ना, धाकटे?"

तिचा हिशोब एवढाच होता. तिने आयुष्यभर जी विषं पाहिली होती ती सगळी घाई करणारी होती. खाल्लं की ओकारी, शिवलं की चट्टे. सावकाश चालणारं विष तिला कुणी दाखवलं नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी ते तिला कधी सांगितलं नव्हतं. पुस्तकातली जाऊबाई मी पुस्तकातच ठेवली होती.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, नको तो. पिटू प्यायली आठ दिवस. ताई रोज प्यायली होती. पाच महिने, आत घेतलेल्या प्रत्येक मालातली मूठ, सुंठ-पुदिन्याशिवाय, कडक उकळून. माझी सगळी भीती मी एका पोटाभोवती गुंडाळून बसले होते.

पर्समध्ये टेप होतीच. मी म्हणाले, उभी राहा.

"माझापण फ्रॉक का?" ताई म्हणाली. तिला पिटूने सांगितलं होतं. पण ती उभी राहिली.

पिटूचा रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरबाईंनी महिन्याने पुन्हा रक्त बघायचं सांगितलं, तेही चांगलं आलं. तिसरं अजून व्हायचंय. ताईचा रिपोर्ट तसा आला नाही. यकृताचे आकडे वाढलेले, सोनोग्राफीत यकृत थोडं मोठं. यावर द्यायला औषध असं नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. पाला ताबडतोब बंद करायचा आणि वाट बघायची. पुष्कळांचं सावरतं. काहींचं नाही सावरत. कुणाचं कसं ते आधी सांगता येत नाही.

ताईने माझ्याकडे न बघता विचारलं की गोदामात कधी सांगायचं.

मी तिच्यासोबत गेले. सकाळची वेळ, वीस-पंचवीस बायका परातींपुढे, दारात चार पोती तिच्या "हं"ची वाट बघत उभी. स्टोव्हवर तिचं छोटं पातेलं आधीच कुणीतरी ठेवलं होतं. मुकादम हसत पुढे आला. ताईने पोत्याला हात लावला नाही. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की माझं नाक गेलंय, त्या तापापासून आत आलेल्या सहदेवीचा भरवसा धरू नका, दुकानांतल्या पुड्याही परत मागवा.

मुकादमाने तिला हळू बोल म्हणून खूण केली, कोपऱ्यात घेऊन गेला. आतून बोलू, मालकांशी बोलू, एवढा गाजावाजा कशाला.

"वाघ म्हणा नाहीतर वाघोबा म्हणा, खायचा तो खातोच," ताई म्हणाली. "माझ्या घरचं लेकरू हा काढा प्यायलंय. तुमच्याही घरी पुडी असेल."

त्याच्या घरी होती. त्याची आई रोज घ्यायची. हे त्याच्या चेहऱ्यावर आलं, आणि त्यानंतर त्याने जे केलं ते भराभर केलं. दुपारपर्यंत पोती अंगणात होती, संध्याकाळपर्यंत दुकानांना निरोप गेले होते. किती पुड्या परत आल्या आणि किती कुणाच्या पोटात गेल्या, ते कुणालाच कळणार नाही. त्या विचाराने मला झोप लागत नाही. ताईलाही लागत नसावी, पण ती बोलत नाही.

तिला काढून टाकलं नाही. स्टोव्ह होता त्या जागी आता एक टेबल आहे, खिडकीशी, आणि टेबलाच्या खिळ्याला दोरीने माझं भिंग बांधलेलं आहे. प्रत्येक पोत्यातून पाच ठिकाणची चिमूट कागदावर येते. ताई भिंगातून बघते, केस की खवले. पहिल्या आठवड्यात तिचं डोकं दुखायचं. आता शेजारच्या दोघींनाही तिने शिकवलंय. मुकादमाने विचारलं की नाकबाई, आता तुला म्हणायचं काय. डोळेबाई म्हणा, ती म्हणाली, पण कुणी म्हणत नाही. गोळा करणाऱ्यांना सांगितलंय की पाला बडवायचा नाही, अख्खा आणायचा, ओझं झालं तरी. ते कुरकुरतात. अर्धे अजून बडवूनच आणतात.

पहिला पेला तिने सोडला असं ती सांगते. मी मुकादमालाही विचारते, शेजारच्या दोघींनाही विचारते. पाच महिने जी अख्ख्या गोदामाला फसवू शकली तिच्या शब्दावर मी कशी विसंबू?

पिटूचा फ्रॉक शेवटी मला शिवावाच लागला. निळा, खिशांचा. तिने तो घालून मावशीला दाखवला आणि सांगितलं की आता तुझा.

ताई रविवारी आमच्याकडे येते. जेवणाआधी मी तिला खिडकीशी उभी करते आणि बेंबीवरून टेप धरते. पहिल्या रविवारी ब्याऐंशी होती. मग ब्याऐंशी. मग साडेब्याऐंशी. गेले दोन रविवार पुन्हा ब्याऐंशीच आली आणि मी देवाचे आभार मानले. आज टेप धरताना सहज वर बघितलं. ताई खिडकीबाहेर बघत होती, खांदे वर, ओठ मिटलेले, गळ्याची शीर ताठ.

"श्वास सोड, ताई," मी म्हणाले.

ती काही क्षण तशीच उभी राहिली. मग तिने श्वास सोडला, आणि टेप माझ्या बोटांतून पुढे सरकली.